हातोहात

रिले शर्यत ही परदेशांतून आलेली गोष्ट आहे, असें आपल्याकडे सर्रास समजलें जातें. नांव परदेशी, हातांतली पोकळ दांडी परदेशी आणि नियमांचें पुस्तकही परदेशी. तेव्हां हा समज अगदींच निराधार आहे असें म्हणतां येत नाहीं. पण शाळेच्या मैदानावर चार मुलें एकामागून एक धांवत एकच वस्तु हातोहात पुढें नेतात, त्या कृतीचा इतिहास शोधूं लागलों म्हणजे आपण केवळ लंडनला किंवा फिलाडेल्फियाला पोंचत नाहीं. दौलताबादची वाट लागते, भोकरदनचा माळ लागतो आणि जालन्याची छावणी लागते. आज त्याच वाटेनें आपणांस थोडें घेऊन जावें, असा माझा विचार आहे. धांवण्याचें काम जुन्या माणसांनीं करून ठेविलेलें आहे. आपण चाललों तरी पुरे.

आधीं खेळाकडे पाहूं. थंड मुलखांत हिवाळ्यांत मैदानें बर्फाखालीं जातात, म्हणून तेथें धांवण्याच्या शर्यती छताखालीं होतात. उघड्या मैदानावरील फेरी ४०० मीटरांची, तर छताखालील फेरी २०० मीटरांची. वळणें इतकीं आंवळ कीं धांवणारा बाहेर फेंकला जाऊं नये म्हणून पट्टीची बाहेरची कड उचललेली असते. अमेरिकेंतील हायस्कुलांचीं मुलें-मुली हिवाळाभर अशा पट्ट्यांवर धांवतात. न्यूयॉर्क शहरांतील आर्मरी नांवाची त्यांची प्रसिद्ध जागा मूळची फौजेच्या कवायतीची इमारत आहे. आपल्या देशांत अशी छताखालील पट्टी भुवनेश्वर येथें अलीकडेच झाली. जालन्याच्या विद्यार्थ्याला मात्र तांबडी-काळी माती आणि डोक्यावरचें ऊन हेंच क्रीडांगण परिचयाचें आहे. चौघांनीं प्रत्येकीं एक किंवा दोन फेऱ्या धांवावयाच्या, आणि २८ ते ३० सेंटिमीटर लांबीची, निदान ५० ग्रॅम वजनाची एक दांडी, जिला बॅटन म्हणतात, ती पहिल्यापासून चौथ्यापर्यंत पोंचवावयाची. एवढाच हा खेळ.

पण ह्या 'एवढाच' शब्दांत फसगत आहे. चार उत्तम धांवपटू एकत्र केले म्हणजे उत्तम संघ होतो, असें नाहीं. दांडी ठराविक पट्ट्याच्या आंतच एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली पाहिजे. पट्टा ओलांडला कीं संघ बाद, मग तो कितीही पुढें असो. १९१२ सालीं स्टॉकहोम येथील ऑलिंपिकमध्यें चौघांची १०० मीटरांची रिले प्रथमच ठेवण्यांत आली, आणि तिच्या अंतिम शर्यतींत जर्मनीचा वेगवान संघ केवळ ह्याच कारणानें बाद ठरला. पाय सगळ्यांचे चांगले होते. जें बिघडलें तें दोन माणसांच्या मधल्या जागेंत बिघडलें. ही मधली जागा हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

दांडी घेण्याच्या रीति दोन. एकींत घेणारा मागें वळून पाहतो, येणाऱ्याचा वेग जोखतो आणि मग दांडी घेतो. लांब टप्प्यांच्या शर्यतींत, विशेषतः छताखालच्या गर्दींत, हीच रीत चालते. दुसरींत घेणारा मागें पाहतच नाहीं. तो धांवूं लागतो, मागून आवाज येतो, आणि तो न पाहतां हात मागें करतो. ह्या दुसऱ्या रीतीला अतिशय भरंवसा लागतो.

आतां आपण चौदाव्या शतकांत जाऊं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ सालीं सिंधेंत उतरला. मुहंमद तुघलकानें त्यापूर्वी कांहीं वर्षें, १३२७ च्या सुमारास, आपली राजधानी देवगिरीस हलवून तिला दौलताबाद हें नांव दिलें होतें. हें दौलताबाद जालन्याच्या पश्चिमेस पाऊणशें किलोमीटरांच्या आसपास आहे. इब्न बतूतानें ह्या राज्यांतील डाकेचें जें वर्णन लिहून ठेविलें, तें वाचतांना रिलेच्या शिक्षकानें लिहिलेलें टिपण आपण वाचतों आहों कीं काय, असा भास होतो. डाक दोन प्रकारची होती : घोड्याची आणि पायांची. पायांच्या डाकेस 'दावा' म्हणत, आणि तिच्या एका मैलांत तीन चौक्या असत. प्रत्येक चौकीवर कमरा कसून माणसें तयार बसलेलीं असत. प्रत्येकाजवळ दोन हात लांबीची काठी, आणि काठीच्या टोकाला तांब्याच्या लहान घंटा. निघणारा धांवपटू एका हातांत पत्र आणि दुसऱ्या हातांत काठी घेऊन सर्व शक्तीनिशीं धांवत सुटे. घंटांचा नाद कानीं पडला कीं पुढच्या चौकीवरचा माणूस उठून सज्ज होई, पत्र हातीं घेई आणि आपली काठी हालवीत पुढें धांवूं लागे. ही डाक घोड्याच्या डाकेहून जलद जात असे, असें तो स्पष्ट सांगतो.

येथें क्षणभर थांबणें अवश्य आहे. घंटा कशासाठीं? रानांतलीं जनावरें भिऊन दूर जावींत म्हणून, असें आपण नंतरच्या काळांतील डाकवाल्यांविषयीं ऐकतों, आणि तें खरेंही आहे. पण दाव्याच्या घंटेचा मुख्य उपयोग वेळ वांचविण्याचा होता. येणारा पोंचण्यापूर्वीच घेणारा उभा राहिलेला असे. मागें न पाहतां, आवाजावर विश्वासून, सज्ज होण्याची जी कला आजच्या विद्यार्थ्याला महिनेच्या महिने शिकवावी लागते, तीच ही. आज येणारा गडी तोंडानें हांक देतो. तेव्हां काठी हांक देत असे.

आणि टप्प्याची लांबी पाहा. मैलाचा तिसरा हिस्सा म्हणजे आजच्या हिशेबानें पांचसहाशें मीटरांच्या घरांतलें अंतर. माणूस पूर्ण जोरानें धांवूं शकतो तें अंतर फार मोठें नाहीं. चारपांचशें मीटरांनंतर पाय जड होतात, छाती भरते, हें आजचा प्रत्येक धांवपटू सांगेल. सुलतानाच्या कारभाऱ्यांनीं शरीरशास्त्राचा अभ्यास केला नव्हता, परंतु माणूस थकण्यापूर्वीच त्याच्या हातून पत्र काढून घेतलें पाहिजे, एवढें त्यांना पक्कें कळलेलें होतें. ह्या व्यवस्थेनें सिंधेंतून निघालेली बातमी, जिला प्रवाशाच्या चालीनें पन्नास दिवस लागावयाचे, ती पांच दिवसांत दिल्लीस पोंचे. खुरासानचीं फळें ह्याच मार्गानें येत. सुलतान दौलताबादेस असला म्हणजे त्याच्यासाठीं गंगेचें पाणी असेंच हातोहात चाळीस दिवसांच्या वाटेवरून आणीत. मोठे अपराधीही कधीं कधीं खाटेवर घालून, ती खाट डोक्यावर घेऊन, धांवत नेत असत. बिचाऱ्याला आपल्या शिक्षेकडे जातांना तरी विलंब नको होता, असें कोण म्हणेल?

दिल्लीहून दौलताबादेस येणाऱ्या रस्त्यावर मैलागणिक अशा तीन चौक्या होत्या, असें तो लिहितो. सरळ रेषेंत मोजलें तरी हें अंतर जवळजवळ हजार किलोमीटर भरतें. म्हणजे अठराशें तरी चौक्या झाल्या; चौकीस दोन माणसें धरलीं तर साडेतीन हजारांवर माणसें केवळ एका रस्त्यासाठीं खोळंबून बसलेलीं. वेगाची ही किंमत होती. राजधानी दिल्लीस परत गेली, सत्ता दुभंगली, आणि इतका खर्च सोसणारा धनी उरला नाहीं. ही साखळी मोडली तिचें मला आश्चर्य वाटत नाहीं; ती उभी राहिली ह्याचेंच वाटतें.

मराठ्यांच्या काळीं पत्रें नेणारा वर्ग निराळा. जासूद, कासीद, अजूरदार अशीं त्यांचीं नांवें कागदोपत्रीं येतात. ते बहुधा जोडीनें जात. एक पडला तर दुसरा पोंचावा, हा हेतु उघड दिसतो. ह्यांतील कांहीं जण नुसते पत्रवाहक नव्हते. वाट, माणूस आणि शत्रूचा बेत ह्यांचें ज्ञान त्यांच्या डोक्यांत असे. १६७९ च्या नोव्हेंबरांत छत्रपति शिवाजी महाराजांनीं जालना लुटलें आणि परततांना मोगली फौजेनें त्यांची वाट अडविली, तेव्हां बहिरजी जासुदानें आडवाटेनें त्यांस सुखरूप पट्टा किल्ल्यावर नेलें, ही हकीकत सभासदाच्या बखरींत आहे. जालन्याच्या इतिहासांत वाट माहीत असलेल्या माणसाचें मोल एवढें मोठें ठरल्याचा हा प्रसंग ठळक आहे. आणि अशा माणसाचें नांव इतिहासांत राहणें ही विरळा गोष्ट, हेंही त्याबरोबर लक्षांत ठेवावें.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें झालें त्याची वार्ता उत्तरेकडे जात असलेल्या पेशव्यांस नर्मदेच्या परिसरांत प्रथम कळली ती सरकारी डाकेनें नव्हे. ती एका सावकाराच्या कासिदाकडून कळली. हा कासीद पानिपताहून नवव्या दिवशीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, पोंचण्याच्या कराराचा होता, असें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेंतलें तें पत्र महाराष्ट्रांतील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे; तें आणणाऱ्याचें नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं. सरळ रेषेंतच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, आणि मुदत नऊ दिवसांची! एका जोडीच्या पायांना हें झेपणारें नाहीं. वाटेंत हात बदलण्याची कांहींतरी सोय असलीच पाहिजे, मग ते हात माणसांचे असोत वा लगाम जनावरांचे असोत. राज्याच्या डाकेपेक्षां व्यापाऱ्याची डाक आधीं पोंचली, ही गोष्ट मला त्या पराभवाइतकीच बोलकी वाटते.

आतां खुद्द जालना जिल्ह्यांत येऊं. हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं निराळा झाला. त्यांतील असई हें गांव मात्र जगाच्या लष्करी इतिहासांत १८०३ पासून आहे. त्या वर्षीं सप्टेंबरांत दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले ह्यांच्या फौजा ह्या भागांत होत्या. इंग्रजांच्या बाजूनें आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि कर्नल स्टीव्हन्सन हे दोघे निरनिराळ्या फौजा घेऊन होते. स्टीव्हन्सननें २ सप्टेंबर रोजीं जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेस दोघांची बदनापूर येथें गांठ पडली आणि असें ठरलें कीं दोन वाटांनीं जावें व २४ तारखेस मिळून हल्ला करावा. ही दोन फौजांची एक रिलेच होती. फक्त दोघांनीं एकाच वेळीं एकाच ठिकाणीं पोंचावयाचें होतें.

शत्रु कोठें आहे हें सांगण्याचें काम हरकाऱ्यांकडे. त्यांनीं आणलेली बातमी अशी कीं, मराठ्यांचा तळ भोकरदनला आहे. वेलस्लीनें तेथून बारा-चौदा मैलांवर मुक्काम पडेल असा हिशेब करून कूच केलें. २३ तारखेस मुक्कामावर येऊन पाहतो तों शत्रु पांच-सहा मैलांवर! कारण भोकरदन हें जसें गांवाचें नांव, तसेंच तें त्या सबंध परगण्याचेंही नांव होतें. तळाचें एक टोंक भोकरदनाकडे होतें आणि पायदळ जेथें होतें तें दुसरें टोंक असईजवळ होतें, सहा-आठ मैल अलीकडे. स्टीव्हन्सन दूर, दिवस उरलेला थोडा, आणि मागें सरावें तर शत्रूचें घोडदळ पाठीवर. वेलस्लीनें त्याच दिवशीं लढण्याचें ठरविलें. केळणा नदीला उतार नाहीं असें वाटाड्ये सांगत होते. पण दोन्ही कांठांवर पिंपळगांव आणि वरुड अशीं समोरासमोर दोन गांवें त्याच्या दृष्टीस पडलीं आणि गांवें समोरासमोर आहेत त्यापेक्षां मधून येण्याजाण्याची वाट असणारच, असें ताडून त्यानें फौज घातली. केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यांत तें घनघोर युद्ध झालें. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं येऊन पोंचला.

ह्या गोंधळाचा ठपका बहुतेक लेखक हरकाऱ्यांवर ठेवितात. खुद्द वेलस्लीनेंही टॉमस मन्रोला लिहिलेल्या पत्रांत आपल्या हिशेबाची चूक कशी झाली हें समजावून सांगतांना बातमीच्या ह्या घोटाळ्याकडेच बोट दाखविलें आहे. मला हा न्याय अपुरा वाटतो. तळ भोकरदनला आहे, हें हरकाऱ्याचें सांगणें खोटें नव्हतें. परगण्याच्या माणसाला 'भोकरदन' म्हटलें कीं तो सबंध मुलूख डोळ्यांपुढें येतो. नकाशा पुढें घेऊन बसलेल्या परक्या सरदाराला एक ठिपका दिसतो. सांगणाऱ्यानें शब्द नीट दिला. घेणाऱ्याच्या हातून त्याचा अर्थ निसटला. रिलेच्या भाषेंत सांगावयाचें तर दांडी पडली ती दोन हातांच्या मध्यें, आणि अशी दांडी पडली म्हणजे दोष देणाऱ्याचा कीं घेणाऱ्याचा हें पंचालाही ठरवितां येत नाहीं. त्या एका नांवाच्या दोन अर्थांमुळें लढाई एक दिवस आधीं झाली, आणि निम्म्या फौजेनिशीं झाली. दोन्ही बाजूंच्या हजारों माणसांनीं त्याची किंमत दिली.

ह्यावरून लेखी डाकेचें आणि तोंडी निरोपाचें अंतर ध्यानांत येतें. दाव्याचा धांवपटू पत्रांत काय आहे हें जाणत नसे, आणि जाणण्याचें त्यास कारणही नसे. वस्तु जशीच्या तशी पुढें जाई. तोंडी निरोप हात बदलतांना रूपही बदलतो. खेळांत दांडी आली तीही कांहींशी ह्याच गरजेनें. पूर्वी कित्येक शर्यतींत केवळ हाताला हात लावून पुढच्यानें सुटावयाचें असे; स्पर्श झाला कीं नाहीं ह्यावर वाद माजत. दांडी हातांत आहे किंवा नाहीं, ह्यावर वाद घालतां येत नाहीं.

असईनंतर जालन्यास इंग्रजी छावणी बसली. कुंडलिकेच्या एका कांठीं जुनें जालना, दुसऱ्या कांठीं कादराबाद, आणि बाहेर मद्रासी पलटणींचे तळ. मद्रासकडचे लोक डाकेला 'टपाल' म्हणत. हा शब्द आपल्या मराठींत इतका मुरला आहे कीं तो परका आहे हें आज सांगून पटत नाहीं. टप्पा आणि टपाल हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात. पंडितांनीं त्यांचें नातें काय तें खुशाल ठरवावें. कंपनीच्या काळांतला डाकवाला खांद्यावर थैली, हातांत घुंगरांचा भाला, रात्रीं बरोबर मशालजी, असा धांवत असे. पण त्याचा टप्पा पांच ते आठ मैलांचा आणि चाल तासाला चार-पांच मैलांची. सुलतानाच्या गड्यासारखा तो जीव तोडून पळत नसे, आणि तें त्याच्याकडून अपेक्षितही नव्हतें. टप्पे लांबविले कीं माणसें कमी लागतात, वेग उतरतो, आणि पगाराचा आंकडा हिशेबनिसाला आवडतो. १८५४ सालीं अर्ध्या आण्यांत पाव तोळ्याचें पत्र कंपनीच्या मुलखांत कितीही दूर जाऊं लागलें, तें ह्या लांब टप्प्यांच्या जिवावर. एक राजा आपल्यासाठीं हजारों माणसें बसवून ठेवी. आतां हजारों लोक मिळून थोड्या माणसांना धांवावयास लावूं लागले. ह्या दोहोंत मला दुसरा प्रकारच अधिक सुधारलेला वाटतो, पण वाघाच्या रानांतून एकट्यानें सात मैल जाणाऱ्याचें मत कोणी विचारलें नव्हतें. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची आगगाडी जालन्यावरून धांवूं लागली, आणि ह्या वाटेवरचा धांवणारा माणूस आडगांवच्या पायवाटेवर गेला.

गंमत अशी कीं, इकडे पोटासाठीं होणारी हातोहात धांव ओसरूं लागली त्याच सुमारास तिकडे ती खेळ म्हणून जन्मास आली. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठांत १८९३ सालीं तिचा पहिला प्रयोग झाला आणि १८९५ पासून तेथें तिचा वार्षिक मेळावाच भरूं लागला. त्यांत हायस्कुलांचे संघही धांवत. १९०८ सालीं ती लंडनच्या ऑलिंपिकमध्यें आली. आपल्याकडे १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे शेतकरी दोराबजी टाटांनीं पाहिले आणि पुढल्या वर्षीं अँटवर्पला हिंदुस्थानचे खेळाडू गेले, ही कथा सर्वश्रुत आहे. १९५१ सालीं दिल्लींत भरलेल्या पहिल्या आशियाई सामन्यांत चौघांची ४०० मीटरांची रिले आपण जिंकली. ऑगस्ट २०२३ मध्यें बुडापेस्ट येथें मुहंमद अनस, अमोज जेकब, मुहंमद अजमल आणि राजेश रमेश ह्या चौघांनीं प्राथमिक फेरींत तेंच अंतर २ मिनिटें ५९.०५ सेकंदांत तोडलें आणि अमेरिकेच्या संघाला शेवटपर्यंत घाम फोडला. ह्या चौघांचीं नांवें मी मुद्दाम घेतों. पानिपतच्या कासिदाचें घेतां येत नाहीं.

आणि जालन्याच्या भूमींत ही धांव अगदींच नाहींशी झाली आहे, असेंही नाहीं. घटस्थापनेच्या आधीं कांहीं दिवस मराठवाड्यांतील गांवोगांवचीं तरुण मंडळें तुळजापुरास जातात, भवानीच्या मंदिरांतील ज्योतीवर आपली मशाल पेटवितात आणि ती विझूं न देतां धांवत आपल्या गांवीं आणतात. रात्र असते, पाय बहुतेकांचे अनवाणी असतात, अंगावर भंडारा असतो. मागून एक टेंपो येत असतो, त्यांत तेल, पाणी आणि थकलेलीं मुलें. शिवजयंतीच्या सुमारास हेच देखावे किल्ल्यांकडून येणाऱ्या रस्त्यांवर दिसतात. ह्या मुलांना कोणी प्रशिक्षक नसतो, पट्टा आंखलेला नसतो, घड्याळ तर कोणी लावीतच नाहीं. तरी मशाल घेणाऱ्याकडे नीट पाहावें. देणारा पंचवीस-तीस पावलांवर आला कीं तो टेंपोंतून आधींच उतरून चालूं लागलेला असतो, त्याची चाल वाढते, देणारा हांक देतो, हा हात मागें करतो आणि मशाल घेतो. ज्योत आडवी होत नाहीं. देणारा रस्त्याच्या कडेला थांबतो, गुडघ्यांवर हात टेंकून दम घेतो, मग टेंपोच्या मागल्या फळीवर चढून बसतो. कोणी त्याला पाण्याची बाटली देतो. दोनतीन मैलांनीं पुन्हां त्याचीच पाळी असते.